‘फिट’ लिहून मिळालं, पण क्रेट कोण उचलणार? दुखापतीनंतर कामावर परतण्याआधीची कार्यक्षमता चाचणी

मार्च २०२३ मध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी शिडीवरून पडलो. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. चौदाव्या आठवड्यात एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय," आणि कागदावर ‘फिट फॉर ड्युटी’ लिहिलं. सोमवारी कामावर गेलो. बुधवारी १८ किलोचा क्रेट हातातून सुटला आणि थेट पायावर आला. सेफ्टी शूज होते म्हणून बोटं वाचली.

यात डॉक्टरांना दोष देता येणार नाही. त्यांनी हाड तपासलं होतं आणि हाड खरंच जुळलं होतं. क्रेट त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. कंपनीला क्रेट माहीत होता, पण मनगट माहीत नव्हतं. या दोघांची गाठ घालून देणारी एक तपासणी असते, हे मला चार महिन्यांनी एका फिजिओकडून कळलं. तिला ‘फंक्शनल कपॅसिटी इव्हॅल्युएशन’ म्हणतात, बोलताना एफसीई. मराठीत कार्यक्षमता चाचणी म्हणू. तुम्ही किती वजन, किती उंचीवर, किती वेळा उचलू शकता, किती वेळ उभं राहू शकता, वाकू शकता, पकडू शकता, हे प्रत्यक्ष करायला लावून मोजतात.

ही चाचणी मला कोणी करायला सांगितली नव्हती. कंपनीने मागितली नाही, ईएसआयनेही (कामगारांच्या सरकारी विमा योजनेनेही) नाही. त्यामुळे पुढचं सगळं स्वतः धडपडून कळलेलं आहे.

१. आधी अपघाताची नोंद

चाचणीशी याचा थेट संबंध नाही, तरी हीच पायरी पहिली. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये असता. कामावर झालेली दुखापत म्हणून नोंद झाली, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ रोजच्या वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतो, आणि तुम्ही कामाला असमर्थ असाल तोवर मिळतो. नोंद झाली नाही, तर तोच माणूस साधा आजारी ठरतो. मग ७० टक्के, आणि तेही ९१ दिवसांपर्यंत.

मला सुपरवायझर म्हणाले होते, "घरी पडलो असं सांग, इथली भानगड नको." माणूस वाईट नव्हता, त्याला वरून बोलणी बसली असती. पण ऐकलं असतं तर घरात दर महिन्याला पगाराचा पाचवा हिस्सा कमी आला असता, आणि ९१ दिवसांनंतर तोही बंद. अपघात पुस्तकात नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा, आणि कंपनीने ईएसआयला पाठवलेल्या अपघात अहवालाची प्रत मागा. घरून ड्युटीला जाताना नाशिक रस्त्यावर गाडी घसरली, तरी वेळ आणि रस्ता जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. हे बहुतेकांना माहीत नसतं.

कंत्राटदाराकडे असाल तर तुमचा ईएसआयचा विमा क्रमांक आजच लिहून ठेवा. पडल्यावर तो शोधत बसायला लागू नये.

(नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. मी वर सांगितलं ते माझ्या वेळच्या, म्हणजे १९४८ च्या कायद्याप्रमाणे. आताचे नियम आणि अर्जाचे नमुने आपल्या शाखेत विचारून घ्या.)

२. आपलं काम किलोत आणि सेंटिमीटरमध्ये लिहा

चाचणी अर्धी इथेच होते. ही पायरी गाळलीत तर पुढचा रिपोर्ट कोणाच्या तरी कामाचा असेल, तुमच्या नाही.

फिजिओने मला विचारलं, "काम काय करता?" मी म्हणालो, "स्टोअरला आहे." त्या हसल्या आणि एक कोरा कागद पुढे केला. "सकाळी गेटमधून आत शिरल्यापासून हात काय काय करतो, ते लिहून आणा."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. दोन दिवस लागले. एका सहकाऱ्याला फोन करून करून यादी केली. ती साधारण अशी झाली:

भरलेला क्रेट १८ किलो, जमिनीवरून कमरेइतक्या टेबलावर, पाळीत चाळीसेक वेळा. बेअरिंगचे खोके ६ किलो, डोक्याच्या वरच्या रॅकवर, दहा-बारा वेळा, तेही शिडीवर उभं राहून. हँड पॅलेट ढकलणं आणि ओढणं, दिवसभर येता-जाता. पट्टी कापायची कात्री, उजव्या हाताने. बारकोड स्कॅनर, दोन-तीन तास. रजिस्टर लिहिणं. खाली बसून तळाच्या रॅकची मोजणी, शनिवारी.

वजनं अंदाजाने लिहू नका. स्टोअर किंवा डिस्पॅचमध्ये वजनकाटा असतोच, सहकाऱ्याला भरलेला क्रेट ठेवून फोटो पाठवायला सांगा. उंची मेजरिंग टेपने. ढकलण्या-ओढण्याचा जोर कसा मोजायचा हा प्रश्न होता. त्यावर आमच्या पोराने युक्ती काढली. भंगारवाल्याकडे हुकाचा लटकता काटा असतो ना, तो पॅलेटच्या दांड्याला अडकवून ओढायचा. गाडी हलायला लागते त्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाचायचं. अगदी बिनचूक नाही, पण ‘जड आहे हो’ यापेक्षा खूप बरं.

यादीत लोक हमखास विसरतात ते कामावर पोचणं. मी चिखलीहून भोसरीला दुचाकीवर जायचो. उजवं मनगट म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. बसने गेलात तर दांड्याला लटकणारा हात खांद्याच्या वर आणि घट्ट आवळलेला, वर पीएमपीएमएलचा ब्रेक! खांद्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे आधी लिहावं.

आणखी एक. ‘मी आता रोज चालतो, जिने चढतो’ म्हणजे तयारी झाली असं नाही. आमच्या ओळखीतले एक जण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आले आणि फिट झालो म्हणून पेढे वाटले. त्यांचं काम होतं उकिडवं बसून पाइप जोडायचं. पायऱ्या चढणारा गुडघा उकिडवा बसतोच असं नाही.

३. चाचणी कधी करायची

सर्जनने हाड किंवा टाके पूर्ण भरल्याचं लिहून दिल्यानंतर, पण ईएसआयच्या डॉक्टरांकडून अंतिम दाखला घेण्याआधी. खिडकी एवढीच आहे आणि मी ती चुकवली.

अंतिम दाखल्यावर ‘अमुक तारखेपासून कामास योग्य’ असं आलं की त्या तारखेपासून लाभ थांबतो. माझा क्रेट पडला तेव्हा लाभ आधीच बंद झाला होता. मनगट पुन्हा सुजलं आणि नव्याने दाखला सुरू करायला किती चकरा मारल्या ते मोजायचं सोडून दिलं. तेव्हा दाखला चालू असतानाच डॉक्टरांना सांगा की अशी चाचणी करून घेतोय, रिपोर्ट दाखवतो. तो मानायला ते बांधील नाहीत. माझ्या दुसऱ्या वेळच्या डॉक्टरांनी मात्र तो शेवटपर्यंत वाचला.

याच काळात एक मोठा सापळा असतो. कंपनीतून फोन येतो, "नुसता बसायला ये, हजेरी नंतर बघू." ज्या दिवसाचा लाभ घेताय त्याच दिवशी पगारी काम करता येत नाही. पकडले गेलात तर अडचण तुमची, फोन करणाऱ्याची नाही. आणि तिथे पुन्हा पडलात तर नोंद काय करणार?

४. कोणाकडे

ही चाचणी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारे) करतात. इथे एक गंमत सांगून ठेवतो. कारखान्यात ओटी म्हणजे ओव्हरटाइम, हॉस्पिटलात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि ऑक्युपेशनल थेरपीही ओटीच. मी चौकशीच्या खिडकीवर "ओटीला जायचंय" म्हणालो आणि त्यांनी मला उपाशी आलात का विचारलं.

पुण्यात मोठ्या हॉस्पिटलांचे फिजिओथेरपी विभाग, फिजिओथेरपी कॉलेजांना जोडलेली रुग्णालयं आणि खेळाडूंच्या दुखापती बघणारी काही क्लिनिकं इथे चौकशी करा. दुखापतीनंतर माणसाला कामाला लावणं या शहराला नवं नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था तर पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून १९१७ मध्ये सुरू झाली. ही दोन्ही मुख्यतः सैनिकांसाठी. आपल्यासारख्यांनी फोन करून विचारायचं ते असं:

तुम्ही वजन उचलून बघता की नुसते सांधे वाकवून बघता? मी कामाची यादी आणली तर त्याप्रमाणे चाचणी कराल का? किती तास लागतील? रिपोर्टमध्ये किलो आणि वेळा लिहाल का? शुल्क किती, आणि रिपोर्ट त्यातच की वेगळा?

पहिल्या प्रश्नाला उत्तर ‘सांधे बघतो’ असं आलं तर ते चांगले फिजिओ असतील, पण ही चाचणी ती नव्हे. चाचणी करणाऱ्याची महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का ते बघा, आणि नोंदणी क्रमांक रिपोर्टवर यायला हवा. नाहीतर एचआर तो बाजूला सारेल.

५. सोबत काय न्यायचं

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचे कागद
- जुना आणि ताजा, दोन्ही एक्स-रे
- सर्जनची चिठ्ठी: हाड जुळलं आहे, वजन उचलून बघायला हरकत नाही
- चालू गोळ्यांची यादी. बीपी, शुगर, दमा असेल तर तसं स्पष्ट लिहून
- ईएसआयचे आतापर्यंतचे दाखले
- कामाची यादी, फोटोंसकट
- कामावरचे बूट आणि जमलं तर कामाचे हातमोजे

सर्जनच्या चिठ्ठीशिवाय चांगला माणूस चाचणी करणारच नाही. करत असेल तर तिथून निघा.

६. चाचणीच्या दिवशी

तीन ते पाच तास धरून चला. काही ठिकाणी दोन दिवसांत करतात, कारण पहिल्या दिवसाच्या श्रमाचा परिणाम दुसऱ्या दिवशी कळतो. सकाळी पोहे खा, पोट फुटेपर्यंत नाही. नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. माझ्या आधीच्या नंबरचे काका बीपीची गोळी घरी विसरून आले होते. सुरुवातीलाच बीपी जास्त निघालं आणि त्यांना परत पाठवलं. वेदनाशामक मात्र जादा घेऊ नका. गोळीच्या जोरावर उचललेलं वजन रोज उचलावं लागतं.

आधी गप्पा आणि प्रश्नावली. मग नाडी, बीपी. मग पकडीची ताकद. डायनॅमोमीटर नावाचं हँडलसारखं एक मोजण्याचं यंत्र असतं. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात, प्रत्येक हाताने तीन-तीन वेळा आवळायचं. उजव्या हाताचा माणूस असूनही माझा डावा आकडा उजव्याच्या जवळजवळ दुप्पट आला. तो आकडा बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की क्रेट का सुटला.

त्यानंतर चिमटीची ताकद, छोट्या खुंट्या भोकांत बसवणं, ठरावीक वेळ चालणं, गुडघे टेकणं, हात वर ठेवून काम. आणि मग मुख्य भाग, वजन. खोक्यात थोडं थोडं वजन वाढवत जमिनीवरून कमरेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत, मग उचलून चालत. चाचणी घेणाऱ्या फिजिओ माझ्याकडे बघत होत्या, वजनाकडे नाही. १२ किलोला मी म्हणालो, "अजून जमेल." त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमेल, पण तुम्ही खांदा उचकून आणि कंबर वाकडी करून ते जमवताय. इथेच थांबू."

इथे दोन प्रकारची माणसं फसतात.

पहिली, घाबरलेली. कामावर लवकर पाठवतील या भीतीने हात ढिला सोडतात. पण तीनदा मुद्दाम सारखंच ढिलं आवळणं माणसाला सहसा जमत नाही, आकडे वर-खाली होतात. वजन वाढलं तरी नाडी वाढत नाही. मग रिपोर्टमध्ये ‘प्रयत्नात सातत्य नाही’ असं वाक्य येतं, आणि ते वाक्य पुढे प्रत्येक टेबलावर तुमच्या आधी पोचतं. खरं तर वेदना किंवा भीतीमुळेही आकडे हलू शकतात, म्हणून दुखलं की त्याच क्षणी सांगा: कुठे, कसं, दहापैकी किती.

दुसरी, मर्दानी. मी यातला. कंपनीत जागा जाईल म्हणून दात-ओठ खाऊन उचलायचं. त्या दिवशीचा आकडा छान येतो, आणि तोच आकडा आठ तासांसाठी तुमच्या गळ्यात पडतो.

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काय दुखतंय, सूज आहे का, झोप लागली का, हे लिहून फिजिओला कळवा. रिपोर्टमध्ये ते आलं पाहिजे.

७. रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट बहुधा इंग्रजीत येतो. शेवटचं अर्धं पान मराठीत मागा, सुपरवायझर तेवढंच वाचणार.

बऱ्याच ठिकाणी अमेरिकेतली वर्गवारी वापरतात. त्यात अधूनमधून उचलायचं वजन साधारण ९ किलोपर्यंत असेल तर ‘हलकं’, २३ किलोपर्यंत ‘मध्यम’, ४५ किलोपर्यंत ‘जड’ काम. अधूनमधून म्हणजे पाळीच्या एक तृतीयांश वेळेपर्यंत. हे न सांगता नुसतं ‘मध्यम कामास योग्य’ असं कंपनीला गेलं, की मध्यम म्हणजे काय ते सुपरवायझर ठरवणार. म्हणून वर्ग नको, किलो, उंची आणि वेळा हव्यात.

टक्क्यांचा गोंधळही इथेच होतो. दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के वेगळे. ईएसआयचं वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली याचे टक्के ठरवतं, ते वेगळे. तिथे ठरलेलं परिशिष्ट आहे, अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४. कार्यक्षमता चाचणीत टक्के नसतात. या रिपोर्टवर भरपाई मागू नका, आणि १४ टक्क्यांच्या कागदावर हलकं काम मागू नका. ज्याचं काम त्याने करावं.

हा रिपोर्ट आजची स्थिती सांगतो. पुन्हा दुखणार नाही याची हमी त्यात नसते.

८. कंपनीला काय द्यायचं

सगळा रिपोर्ट देऊ नका. त्यात तुमची शुगर, झोप, घरची माहिती असते. शेवटचं पान आणि एक अर्ज पुरे. अर्जात आधी काय जमतं ते लिहा, मग काय नाही. मी लिहिलेला असा होता:

"मी दि. … पासून कामावर रुजू होत आहे. स्कॅनिंग, नोंदी आणि आवक मालाची तपासणी ही कामे मी पूर्ण पाळी करू शकतो. सोबतच्या अहवालानुसार मला सध्या जमिनीपासून कमरेपर्यंत १० किलो आणि खांद्याच्या उंचीवर ४ किलोपर्यंत वजन उचलता येते. शिडीवरील काम सहा आठवडे टाळावयाचे आहे. सहा आठवड्यांनी फेरतपासणीचा अहवाल देईन."

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी ठरलेली ‘लाइट ड्युटी’ सुपरवायझर बदलला की संपते. माझी नऊ दिवसांत संपली होती. पोच दाखवली, पुन्हा सुरू झाली.

सरकारी किंवा महापालिकेची नोकरी असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २० वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. खासगीत एवढं भक्कम कवच नाही, तिथे किलोत लिहिलेला अर्जच उपयोगी पडतो.

९. पहिले सहा आठवडे

खिशात छोटी डायरी ठेवा. तारीख, काय उचललं, संध्याकाळी सूज किती. रात्रभरात उतरली तर ठीक. सकाळीही असेल तर त्या दिवशी वजन कमी करा आणि फिजिओला कळवा.

घरचा सराव फिजिओला विचारूनच. मला बादली सांगितली होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ४ लिटरपासून सुरुवात आणि आठवड्याला एक लिटर वाढ. बादली भरून मोरीतून ओट्यापर्यंत. बायको म्हणाली, अपघाताआधी कधी उचलली नव्हती.

फेरतपासणीची तारीख पहिल्या चाचणीच्या दिवशीच घेऊन ठेवा आणि त्या दिवसाची रजा तेव्हाच टाका. कामावर रुळलात की सहावा आठवडा कधी येऊन जातो कळत नाही, आणि १० किलोची मर्यादा कागदावर तशीच राहते. माझ्या फेरतपासणीत ती १६ झाली. क्रेट १८ चा. मग आम्ही क्रेटमध्ये माल कमी भरायला लागलो.